अडलेला कंपायलर काय सांगतो

पूर्वी पोथीची नक्कल करणारा माणूस शेवटच्या पानावर एक वाक्य लिहून मोकळा होत असे. मूळ पोथीत जसे दिसले तसे उतरवले आहे, चूक आढळली तर दोष मला देऊ नये, अशा अर्थाचे. कागदावरून कागदावर उतरवताना ही सवलत चालून जाते. संगणकाची आज्ञावली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणाऱ्याला मात्र ती मिळत नाही. मुळात जे जसे होते ते तसेच नेले, तर नवे यंत्र सरळ अडून बसते आणि चार ओळींचा त्रुटिसंदेश दाखवते. तिथून पुढे नक्कल संपते आणि खरा अभ्यास सुरू होतो.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर संगणकाशी मैत्री झाली आणि त्याचाही इतिहास वाचायची खोड लागली. तिथेही राजेरजवाडे आहेतच. कुणी कंपनी काढली, कुणी किती कोटी मिळवले, याच्या बखरी पुष्कळ. मला ओढ आहे ती कारकून, हरकारे आणि कोठीवाले यांची. आज अशाच काही माणसांविषयी लिहितो आहे. जगात फारच थोडे लोक वापरतात अशा ऑपरेटिंग सिस्टीमवर कंपायलर उभा करणारी ही माणसे.

आधी कंपायलर म्हणजे काय ते थोडक्यात. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारा हा दुभाषी. गंमत अशी की हा दुभाषीसुद्धा एक आज्ञावलीच असतो आणि बहुधा तो ज्या भाषेचे भाषांतर करतो त्याच भाषेत लिहिलेला असतो. मग पहिल्यांदा त्याचे भाषांतर कुणी करायचे? आपल्या स्वयंपाकघरात याचे उत्तर आहे. दही लावायला थोडे दही लागते. घरातले संपले तर शेजारून वाटीभर विरजण आणायचे. कंपायलरचेही तसेच. यंत्रावर आधीपासून असलेला एखादा जुना कंपायलर घ्यायचा, नाहीतर दुसऱ्याच यंत्रावर बसून या यंत्रासाठी कंपायलर तयार करून आणायचा.

जीसीसी नावाच्या प्रसिद्ध कंपायलरची पद्धत तर अशी की तो तीनदा तयार करतात. पहिला उसन्या विरजणाचा. दुसरा त्या पहिल्याच्या मदतीने. तिसरा दुसऱ्याच्या मदतीने. मग दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहायचे. दोन्ही तंतोतंत सारखे असले, तर कंपायलर स्वतःलाही नीट समजतो असे मानायचे. इतिहासाच्या शिक्षकाला हे फार आवडले. साक्षीदाराची दोनदा जबानी घेऊन ताडून पाहण्यासारखे आहे हे.

पण काही यंत्रांवर ही जबानी जुळेचना. कंपायलरमध्ये काहीच बिघाड नव्हता. तिथल्या फाइलींच्या मथळ्यातच ती फाइल कधी तयार झाली ती वेळ लिहिलेली असे आणि दोन फाइली एकाच क्षणी तयार होत नाहीत! म्हणून पहिले १६ बाइट सोडून उरलेले ताडून पाहायची सोय करण्यात आली. तीनदा बांधणी आणि शेवटी ताडणी ही प्रथा आजही आहे. एखादी साधी वाटणारी गोष्टसुद्धा सगळीकडे सारखी नसते, हा पहिला धडा.

आता मागे जाऊ. १९७३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सी या भाषेत नव्याने लिहिली गेली. तोवर ऑपरेटिंग सिस्टीम बहुधा त्या त्या यंत्राच्याच बोलीत लिहीत. सी मध्ये लिहिल्यामुळे ती दुसऱ्या यंत्रावर नेता येईल अशी शक्यता निर्माण झाली. शक्यताच फक्त, कारण सगळे काम पीडीपी-११ या एकाच जातीच्या यंत्रावर चालले होते.

ती शक्यता खरी करून दाखवली ती आधी ऑस्ट्रेलियात. वॉलंगॉंग विद्यापीठाकडे इंटरडेटा कंपनीचे ७/३२ नावाचे यंत्र होते. रिचर्ड मिलर यांनी सी कंपायलरला त्या यंत्राची भाषा शिकवली आणि १९७७ साली तिथे युनिक्स चालू केले. साधारण त्याच काळात बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन आणि डेनिस रिची हे इंटरडेटाच्याच ८/३२ या थोरल्या भावंडावर तेच काम करत होते. एकमेकांपासून हजारो मैल दूर, पण दोन्हीकडे यंत्र इंटरडेटाचे!

या कामात काय आढळले ते फार बोलके आहे. पीडीपी-११ वर साधा पूर्णांक १६ बिटांचा आणि स्मृतीतला पत्ता, म्हणजे पॉइंटर, तोही १६ बिटांचाच. त्यामुळे लोक आकडा आणि पत्ता यांची बेधडक सरमिसळ करत. घर क्रमांक आणि घरभाडे एकाच रकान्यात लिहावे तसे. जुन्या यंत्रावर काही बिघडत नसे, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नसे. शिवाय बाइट कोणत्या क्रमाने ठेवायचे यातही दोन यंत्रांची रीत वेगळी. जोडीजोडीने अक्षरे उलटली की 'युनिक्स'च्या रोमन स्पेलिंगचे 'नक्सी' होते. या घोटाळ्याला संगणकवाल्यांच्या बोलीत तेच नाव पडले.

आज्ञावली चालत होती, याचा अर्थ ती बरोबर होती असा नव्हता. ती एका यंत्राच्या सवयींवर टेकून उभी होती, इतकेच.

यातून जे निघाले ते फार मोलाचे. पूर्णांक आणि पॉइंटर यांच्यातला भेद सी भाषेने अधिक काटेकोर केला. एका जातीची किंमत दुसऱ्या जातीची म्हणून वापरायची असेल तर तसे स्पष्ट लिहायची सोय भाषेत आली. जॉन्सन यांनी कुठल्याही यंत्रावर नेता येईल असा कंपायलर लिहिला आणि 'लिंट' नावाची एक आज्ञावलीही तयार केली. कपड्याला चिकटलेले सुताचे धागे वेचावेत तशी ती इतरांच्या आज्ञावलीतल्या संशयास्पद जागा वेचून दाखवते. म्हणजे इंटरडेटा हे यंत्र काळाच्या ओघात विसरले गेले, पण त्याच्यावर अडखळल्यामुळे भाषा सुधारली. सी शिकणाऱ्या कितीजणांनी इंटरडेटाचे नाव ऐकले असेल?

पुढे १९८० च्या दशकात व्हॅक्स या यंत्राचा जमाना आला. विद्यापीठाविद्यापीठांत व्हॅक्स आणि त्याच्यावर बर्कलीचे युनिक्स. लगेच जुनी खोड नव्या रूपात परतली. त्या प्रणालीत स्मृतीच्या शून्य क्रमांकाच्या घरात शून्यच असे. त्यामुळे 'कुठेच न नेणारा' पत्ता चुकून वाचला तरी आज्ञावली निर्धास्त पुढे जाई. तीच आज्ञावली सनच्या यंत्रावर नेली की कोसळे. 'सारे जग म्हणजे व्हॅक्सच' असे समजणाऱ्यांची टर उडवायची प्रथा संगणकवाल्यांत तेव्हापासून पडली. आपल्या गावची रीत तीच जगाची रीत असे समजणारी माणसे सगळीकडे असतात, तिथेही होती.

रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी १९८७ साली बाहेर पडला तो व्हॅक्स आणि मोटोरोला ६८०२० वापरणारी सनची यंत्रे यांच्यासाठी. हा कंपायलर फुकट होता, त्याचा मूळ मजकूर खुला होता, म्हणून ज्याला त्याला तो आपल्या यंत्रावर हवासा वाटू लागला.

त्यातली मला सर्वांत आवडणारी कहाणी डॉसची. घराघरांत आणि कचेऱ्यांत डॉस होतेच, तेव्हा त्याला दुर्मीळ कसे म्हणणार? पण जीसीसीच्या गावी ते परकेच होते. १९८९ च्या सुमारास स्टॉलमन यांचे एक भाषण झाले, तिथे डीजे डेलोरी या तरुणाने विचारले, जीसीसी डॉसवर आणणार का? उत्तर आले की ते होणे नाही, जीसीसी फार मोठा आहे आणि डॉस १६ बिटांचे. काही माणसांना 'होणे नाही' हे शब्द आमंत्रणासारखे वाटतात. डेलोरी कामाला लागले.

अडचणींची यादी पाहिली तर हसू येते आणि कीवही. डॉसमध्ये फाइलचे नाव ८ अक्षरांचे, शेपूट ३ अक्षरांचे, आणि मध्ये टिंब एकच. जीसीसीच्या घरात लांबलचक नावांच्या, दोन-दोन टिंबांच्या फाइली. सी प्लस प्लसच्या कंपायलरच्या नावात दोन अधिकचिन्हे आणि डॉसला नावात अधिकचिन्हच चालत नाही, म्हणून त्याचे बारसे पुन्हा करून 'जीएक्सएक्स' ठेवावे लागले. युनिक्समध्ये ओळ संपल्याची खूण एक, डॉसमध्ये दोन. मजकूर म्हणून उघडलेल्या फाइलीत २६ क्रमांकाचे अक्षर आले की डॉस समजणार फाइल संपली, मग पुढे अर्धी फाइल शिल्लक का असेना. युनिक्समध्ये एक प्रक्रिया स्वतःची जुळी प्रक्रिया जन्माला घालू शकते, डॉसला ते माहीतच नाही.

आणि सर्वांत मोठी अडचण जागेची. यंत्रात ३२ बिटांचा ३८६ प्रोसेसर, पण डॉस त्याच्याकडून काम घेणार जुन्या १६ बिटांच्या प्रोसेसरचे. बैलगाडीला घोडा जुंपून त्याला बैलाच्या चालीने चालवावे तसे! डेलोरींनी त्यासाठी डॉसवर स्वार होणारा एक विस्तारक लिहिला. तो प्रोसेसरला ३२ बिटांच्या चालीत नेई आणि फाइल उघडण्यासारखी कामे मात्र डॉसकडूनच करवून घेई. यातून 'डीजेजीपीपी' उभा राहिला. पुढे अनेक देशांतल्या स्वयंसेवकांनी तो वाढवला. १९९६ साली गाजलेला 'क्वेक' हा खेळ डॉससाठी याच कंपायलरने तयार झाला. ज्या गोष्टीला 'होणे नाही' म्हटले होते, तिच्यावर लाखो पोरे खेळली.

आता दुसरी कहाणी, थोडी उलटी. ग्नू प्रकल्पाची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे 'हर्ड'. तिचे काम १९९० साली सुरू झाले. दरम्यान लिनक्स पुढे निघून गेले आणि हर्ड मूठभर लोकांचे राहिले. लिनक्सवर सुखाने तयार होणाऱ्या कितीतरी आज्ञावल्या हर्डवर एकाच कारणाने अडतात. कारणाचे नाव 'पाथ_मॅक्स'. फाइलचा संपूर्ण पत्ता जास्तीत जास्त किती लांब असू शकतो, तो हा आकडा. लिनक्सवर तो ४०९६ आहे. लोक काय करतात, तेवढ्या लांबीचा एक डबा आधीच तयार ठेवतात आणि पत्ता त्यात ओततात. हर्डवाल्यांनी ठरवले की अशी मनमानी मर्यादा आमच्याकडे नाही, म्हणून हा आकडाच आम्ही देणार नाही. पॉझिक्स या मानकात तशी मुभाही आहे. मग कंपायलर म्हणतो, पाथ_मॅक्स म्हणजे कोण? ओळख नाही. आणि काम थांबते.

वरवर पाहता हा हर्डचा हट्ट वाटेल. पण जरा थांबून पाहा. लिनक्सवरसुद्धा एकात एक फोल्डर करत गेले तर ४०९६ पेक्षा लांब पत्ता तयार होऊ शकतो. तिथे आज्ञावली तयार होताना कुरकूर करत नाही, पण असा पत्ता समोर आला की डबा अपुरा पडतो. काळजीने लिहिलेली असेल तर ती काम नाकारते, निष्काळजीपणे लिहिलेली असेल तर डब्याबाहेर सांडते, आणि अशा सांडण्यातूनच चोर आत शिरतात. चूक दोन्हीकडे तीच. हर्डवर ती पहिल्याच दिवशी दारात उभी राहते, लिनक्सवर ती माळ्यावर दडून बसते.

दुरुस्ती दोन तऱ्हेची करता येते. सोपी अशी की वर एक ओळ लिहायची: पाथ_मॅक्स नसेल तर ४०९६ समजा. पाच मिनिटांत काम होते आणि दोष जिथल्या तिथे राहतो. दुसरी तऱ्हा कष्टाची. पत्ता किती लांब आहे ते आधी विचारायचे, तेवढीच जागा मागून घ्यायची, काम झाले की परत करायची. हर्डसाठी झटणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ही दुसरी तऱ्हा धरली आणि दुरुस्ती मूळ लेखकांकडे पाठवली. मूळ लेखकाने ती स्वीकारली तर सगळ्यांचे भले होते, ज्यांनी हर्डचे नावही ऐकलेले नाही त्यांचेसुद्धा. नाही स्वीकारली, तर दर नव्या आवृत्तीला तेच ठिगळ पुन्हा लावत बसायचे.

ठिगळांवरून आठवले. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी 'ऑटोकॉन्फ' नावाचे साधन लिहायला घेतले. त्याआधीची रीत अशी की आज्ञावलीत जागोजागी लिहून ठेवायचे: अमक्या कंपनीचे यंत्र असेल तर असे करा, तमक्याचे असेल तर तसे. नवे यंत्र आले की यादी अपुरी. ऑटोकॉन्फची दृष्टी वेगळी होती. यंत्राचे नाव-गाव न विचारता त्याची छोटी छोटी परीक्षा घ्यायची. अमुक काम येते का? करून दाखव. तमुक फाइल आहे का? उघडून दाखव. वर्गात आडनाव पाहून मुलाची लायकी ठरवणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि पाटीवर गणित घालून पाहणारेही. दुसऱ्या जातीचे शिक्षक चांगले, हे संगणकवाल्यांनाही कळले याचा आनंद वाटला.

तरी नाव-गाव अगदीच सुटले नाही. कोणत्या जातीचे यंत्र आहे ते ओळखणारी एक छोटी फाइल प्रत्येक आज्ञावलीबरोबर नकलून दिलेली असते. ती नक्कल जुनी असली की नवी प्रणाली तिला ओळखू येत नाही, आणि बाकी सगळे ठीक असूनही काम पहिल्याच पायरीवर थांबते. घरात दहा वर्षांपूर्वीचे पंचांग ठेवून आजची तिथी शोधण्यातला प्रकार. उपाय तेवढाच साधा, नवे पंचांग आणणे. कमी खपाच्या प्रणालींवर दिवसभर खपणाऱ्यांचा पुष्कळसा वेळ अशा पंचांगे बदलण्यातच जातो. यात कीर्ती नाही.

तिसरी कहाणी 'हायकू'ची. बी नावाच्या कंपनीची 'बीओएस' ही देखणी ऑपरेटिंग सिस्टीम होती. कंपनी बुडाली, २००१ साली तिची मालमत्ता पाम कंपनीने घेतली. त्याच वर्षी काही चाहत्यांनी ती शून्यातून पुन्हा लिहायला घेतली. २००४ पासून तिचे नाव हायकू. या मंडळींची इच्छा अशी की जुन्या बीओएसच्या आज्ञावल्या हायकूवर जशाच्या तशा चालाव्यात. आता पंचाईत पाहा. बीओएसची इंटेलवरची आवृत्ती जीसीसीच्या जुन्या पिढीने तयार झालेली. जीसीसीच्या तिसऱ्या पिढीपासून, म्हणजे २००१ नंतर, सी प्लस प्लसमधल्या नावांना आतून जी लांबलचक रूपे दिली जातात त्यांची पद्धतच बदलली. जुन्या कंपायलरचे काम आणि नव्याचे काम एकमेकांना ओळखेनात.

म्हणून हायकूच्या ३२ बिटी आवृत्तीत दोन कंपायलर नांदतात. एक पंचवीस वर्षांपूर्वीच्या पिढीचा, जीसीसी २.९५. दुसरा आजचा. मूळ जीसीसीवाल्यांनी कधीच सोडून दिलेला तो जुना कंपायलर हायकूची माणसे स्वतः सांभाळतात, त्यात दुरुस्त्या करतात, आजच्या यंत्रांवर तो तयार होत राहील हे पाहतात. वाड्यातली जुनी कुलपे बदलायची नाहीत असे ठरले की जुन्या किल्ल्या घडवणारा लोहारही जपावा लागतो!

इथे कुणीही व्यवहारी माणूस विचारेल, की हा उपद्व्याप कशासाठी? शंभर-दोनशे लोक वापरतात त्या प्रणालीसाठी सगळ्यांनी का शिणायचे? प्रश्न रास्त आहे. प्रत्येक प्रणालीसाठी घातलेली 'असे असेल तर, तसे असेल तर' ही कलमे वाढत गेली की आज्ञावली वाचणेच अशक्य होते. या रानाविरुद्ध हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ सालीच खरमरीत निबंध लिहिला होता. यंत्रांचा अनुभव दांडगा असलेली माणसे होती ती. जीसीसीवालेही ज्या प्रणालीला कुणी वाली नाही ती आधी 'कालबाह्य' म्हणून जाहीर करतात आणि कुणी पुढे आले नाही तर पुढच्या आवृत्तीत काढून टाकतात. हा नियम मला न्याय्य वाटतो. वापरणारे थोडे असले तरी चालेल, पण सांभाळणारा एक तरी हवा.

पण व्यवहाराच्या हिशेबातही या थोड्या लोकांची बाजू वाटते तितकी हलकी नाही. १९९२ साली डिजिटल कंपनीचे अल्फा हे ६४ बिटांचे यंत्र आले. त्याच्यावर आज्ञावल्या नेणाऱ्यांना पुन्हा तोच जुना आजार दिसला, आकडा आणि पत्ता एकाच मापाचे समजण्याचा. त्यांनी एकेक जागा शोधून दुरुस्त केली. २००३ साली एएमडीचे ६४ बिटी प्रोसेसर आले आणि पाहता पाहता घरोघरी पोचले, तेव्हा लिनक्सचे पुष्कळसे सामान आधीच तयार होते. अल्फा इतिहासजमा झाले, त्याच्यावर घाम गाळणाऱ्यांची मेहनत आपल्या टेबलावर येऊन बसली.

आणि आता अगदी अलीकडचे. २०२४ साली जीसीसीची १४ वी आवृत्ती आली. सी भाषेत पूर्णांक आणि पॉइंटर यांची न सांगता केलेली सरमिसळ आजवर नुसत्या इशाऱ्यावर सुटत असे. या आवृत्तीपासून ती थेट चूक ठरली, काम थांबवणारी. इंटरडेटावर १९७७ साली जे खुपले होते, त्याच्यावर सत्तेचाळीस वर्षांनी शिक्कामोर्तब झाले. गावातल्या एखाद्या अडाणी समजल्या गेलेल्या म्हातारीने बरोबर सांगितलेले असावे आणि तिच्या नातवंडांच्या काळात ते कायद्यात यावे, तसे काहीसे.

आपल्याकडेही या विद्येची आस्था आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसीच्या अंतरंगाचा अभ्यास करणारे केंद्र चालवले आणि नव्या यंत्राची ओळख जीसीसीला कशी करून द्यायची हे शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. कंपायलर वापरणारे लाखो, त्याच्या पोटात शिरणारे मोजके. ती मोजकी संख्या वाढो.

तरुण वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते. काम अडले की आपण चटकन म्हणतो, ही प्रणालीच विचित्र आहे. असेलही. पण त्रुटिसंदेश नीट वाचा, अगदी पहिल्या संदेशापासून. पुढचे शंभर बहुतेक वेळा त्या पहिल्याचीच पिल्ले असतात. मग स्वतःला विचारा, की जिथे हे सुरळीत चालते तिथे आपण काय गृहीत धरले होते? उत्तर मिळाले तर ते चार ओळींत लिहून मूळ लेखकाला पाठवा. जिथून ही अडचण कळली ती प्रणाली उद्या राहील न राहील. दुरुस्ती राहते.

असो. पुढच्या वेळी बहुधा छापखान्यातल्या खिळ्यांविषयी लिहीन.